सुतक नसलेलं घर

आमचे दीर गणपतराव म्हणजे देवमाणूस. कुणाचं लग्न असू दे, मयत असू दे, हा गडी पहिला हजर. पण खरं सांगते, चांगल्या माणसाच्या हातनं चूक झाली की लई अवघड. वाईट माणसाला दारात उभं करून शिव्या तरी देता येत्यात. ह्यांना काय देणार, कपाळ? आमच्या चन्नम्माक्काचं त्यांनी जे केलं ते मी तीन वर्षं पोटात घेऊन बसले, कारण तिनं मला अंबाबाईची शपथ घातलती.

चन्नम्माक्का शिवाजी पेठेत आमच्या शेजारी राहायची. मी म्हशी बाळगून दूध घालणारी अंबूबाई, आणि ती भुसार दुकानदार विरूपाक्षअण्णांची बायको. लिंगायताची, माहेर हद्दीपलीकडं कर्नाटकात. लग्न होऊन आली तवा मराठी म्हणजे सगळा आनंद. "अंबूबाई, दूध आली काय?" असं विचारायची आणि मी दारातच हसत बसायची. ती बी हसायची. रागावणं तिला माहीतच नव्हतं, ते सगळं देवानं माझ्या वाट्याला घातलंय.

माहेरी ती भरतनाट्यम शिकलेली. गुरूनं पहिल्या कार्यक्रमाचा दिवस ठरवला होता, नाचाचा पोशाख शिवून तयार होता, आणि तेवढ्यात कोल्हापूरचं स्थळ आलं. झालं, कार्यक्रमाच्या जागी लग्न. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ह्या घरात घुंगरू वाजायचं न्हाय." सासूनं घुंगरू काढून घेतलं. सासूला ती आपल्या बोलीत अत्ती म्हणायची, म्हणून आम्ही सगळीच अत्ती म्हणायचो. अत्तीनं ते घुंगरू कुठं टाकलं, चन्नम्माक्कानं कधी विचारलं न्हाय. पण भाकरी थापताना तिचा पाय काय गप्प बसायचा न्हाय. हात परातीत आणि टाच जमिनीवर, ताक् धिम्, ताक् धिम्. मी म्हणायची, "आक्का, भाकरी करालीयास का तमाशा?" ती दचकून पाय आवरायची. मग मलाच वाईट वाटायचं.

सासरे वारले ते गावाकडं. त्यानंतर, नव्वद साल उलटून गेल्यावर, विरूपाक्षअण्णांनीच राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर हॉल भाड्यानं घेतला आणि म्हणाले, "शिकीव जा पोरींना." तो माणूस बोलायचा कमी, पण केलं ते एकदम बेस काम केलं. चन्नम्माक्का हातात काठी घेऊन खाली बसायची, लाकडाच्या ठोकळ्यावर ताल धरायची, आणि पोरी नाचायच्या. दरवर्षी पोरींचा कार्यक्रम व्हायचा. त्यात बी ती बाजूला बसूनच. कुणी म्हटलं, "बाई, तुम्ही बी नाचा की," तर म्हणायची, "आता काय, केस पिकलं." पण मला एकटीला सांगायची, "अंबूबाई, एकदाच गं. पायात घुंगरू आणि पुढं माणसं. ह्याच गावात. एकदाच, मग काय बी होऊ दे." माणसानं आयुष्याकडं एवढंसं मागावं आणि ते बी मिळू नये, ह्याला काय म्हणायचं सांगा मला.

त्या पोरींत सुष्मिता होती, कागलची. बाप साखर कारखान्यात कामाला. पोरगी एस.टी.नं यायची, काळीसावळी, काटकुळी, आणि हट्टी म्हणजे माझ्या म्हशीपेक्षा हट्टी. एक पाऊल चुकलं तर जेवायची न्हाय. चन्नम्माक्काचा त्या पोरीत जीव. स्वतःला पोरबाळ नव्हतं, त्यामुळं तर जास्तच.

दोन हजार तीन साली गणपतरावांच्या मंडळानं एक महोत्सव काढला, 'नवी पाऊलं' म्हणून. गणपतराव कार्यवाह. नाटकातली आणि नाचातली नवी पोरं निवडायची, प्रत्येकाला एक जाणतं माणूस जोडून द्यायचं, त्यानं सहा महिने पोराला घडवायचं आणि मग सगळ्यांनी नाट्यगृहात सादर करायचं. नेम असा की गुरूनं नुसतं खाली बसून शिकवायचं न्हाय, शिष्याबरोबर स्टेजवर यायचं. जोडीनं. गणपतरावांच्याच डोक्यातनं निघालेली गोष्ट. त्या वेळी मी त्यांची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवलती.

सुष्मिताची निवड झाली आणि गुरू म्हणून चन्नम्माक्काचं नाव लागलं. मी दूध घालायला गेलते तवाच ही बातमी घरात सांगणं चाललं होतं. अत्ती उठली, थरथरत ज्वारीच्या कणगीपाशी गेली, आत खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेलं घुंगरू बाहेर काढलं. चन्नम्माक्का बघतच राहिली. "अत्ती, हे तुमच्यापाशी होतं?"

"मग काय विकून खाल्लं व्हय?" अत्ती फणकारली. "तू कधी मागितलंसच न्हाय. आणि हे बघ, मला पुढची खुर्ची पायजे. लांबचं मला दिसत न्हाय."

चन्नम्माक्का हसली बी आणि रडली बी. मी बी डोळं पुसलं, आणि दूध मापाच्या वर घातलं.

सहा महिने त्या दोघींनी काय कष्ट केले! शंकराच्या एका वचनावर, म्हणजे त्यांच्यातल्या अभंगासारख्या पदावर, नाच बसवला. म्हातारी नदी आणि तरणी नदी एका जागी मिळत्यात असं काहीतरी होतं. मला त्यातलं कळत न्हाय, पण चन्नम्माक्का वाकून हात पुढं करायची आणि पोरगी तिच्या हाताखालनं निघून जायची, ते बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. गुडघे सुजायचे तिचे. विरूपाक्षअण्णा मिठाच्या पाण्यानं शेकायचे. सुष्मिता म्हणायची, "बाई, तुम्ही नसला तर मी एकटी स्टेजवर जाणार न्हाय हां." चन्नम्माक्का म्हणायची, "मी कुठं जातोय गं सोडून?"

महोत्सव सुरू झाला. ह्यांची जोडी शेवटच्या दिवशी होती. आणि आदल्या दिवशी सकाळी अत्ती गेली. चहाची बशी हातात, भिंतीला टेकून बसलेली, तशीच.

लिंगायतांच्यात मयताला बसवून नेत्यात. अत्तीला न्हाऊ घातलं, कपाळभर विभूती लावली, फुलांनी मढवलं आणि भजनं म्हणत नेऊन माती दिली. गणपतराव महोत्सवात गुंतलेले, त्यांनी माणसाबरोबर हार पाठवला. संध्याकाळी घरी आल्यावर चन्नम्माक्का मला म्हणाली, "अंबूबाई, उद्याचं राहू दे. माझ्यानं व्हायचं न्हाय."

विरूपाक्षअण्णा तिथंच बसले होते. म्हणाले, "का? आमच्यात सुतक हाय काय?"

मी चपापले. आमच्यात घरात मयत झालं की देवाला दिवा न्हाय, शुभकार्य न्हाय, तेराव्यापर्यंत सगळं बंद. अण्णांनी मला समजावलं, "अंबूबाई, आमच्यात मेलेलं माणूस शिवात मिसळलं असं मानत्यात. मग विटाळ कसला? दुःख हाय, ते हायच. पण आईनं, आमच्या अव्वानं, स्वतःच्या हातानं घुंगरू काढून दिलंय. तिची खुर्ची मोकळी ठेवू, आणि हिनं नाचायचं."

चन्नम्माक्कानं घुंगराचं फडकं जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "नाचतो मी." कोल्हापुरात राहून ती बी पेठेतल्या बायकांसारखं 'जातो, नाचतो' म्हणायला लागलती.

आता ह्या लोकांनी मंडळाला कळवायला पाहिजे होतं का? कशाला कळवतील? ठरल्याप्रमाणं जाणारच होती ती. पाच वाजता मंडळाची गाडी घ्यायला येणार होती. चन्नम्माक्का दुपारपासनं तयार. चेहऱ्याला रंग, डोळ्यांत काजळ कानापर्यंत ओढलेलं, डोक्यात अबोली आणि मोगरा, मांडीवर घुंगराचं फडकं. त्या वयात एवढी देखणी दिसत होती की मी कानशिलावर बोटं मोडली. पाच वाजले. गाडी न्हाय. साडेपाच झाले तरी न्हाय. "कार्यक्रमाला उशीर होतोच की," अण्णा म्हणाले. शेवटी मीच रस्त्यावर जाऊन रिक्षा पकडली आणि आम्ही तिघं निघालो.

नाट्यगृहाच्या दारात कुणी नव्हतं. सगळी आत. आम्ही दार ढकलून मागच्या बाजूला आत शिरलो. स्टेजवर उजेड होता आणि गणपतराव माईकसमोर उभे होते. त्यांचा आवाज भरून आलेला. म्हणत होते, "आपल्या गुरू चन्नम्माबाईंच्या सासूबाईंचं काल दुःखद निधन झालं. बाई सुतकात हायत. अशा वेळी त्यांना विचारणं सुद्धा आम्हाला बरं वाटलं न्हाय. त्यांची आणि सुष्मिताची जोडी आपण पुढच्या वर्षी बघू. आता सगळ्यांनी उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

आणि सगळं नाट्यगृह उभं राहिलं. खालची, वरची, सगळी माणसं. मान खाली घालून, गप्प. पुढच्या रांगेत सुष्मिता साध्या ड्रेसमध्ये उभी होती, तोंडाला रुमाल लावून. कागलची पोर, आमच्यासारख्याच सुतक पाळणाऱ्या घरातली, तिला तरी ह्यांच्यात सुतक नसतं हे कुठनं ठाऊक असणार?

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आक्का, चल. मी जाते पुढं, सांगते त्यांना." तर तिनं माझं मनगट धरलं. असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ती बी मान खाली घालून उभी राहिली. सगळी खाली बसेपर्यंत तशीच. मग तिनं डोक्यावरनं पदर घेतला, तोंडावर ओढला आणि बाहेर पडली.

रिक्षात मी भांडले. "अगं बया, सांगायचं होतंस की! आत्ता बी जाऊया."

"एवढी माणसं माझ्या अत्तीसाठी उभी राहिली," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं रंगवलेलं तोंड घेऊन कशी जाऊ? काय म्हणतील, सासू काल गेली आणि ही नटून आली. कुणाकुणाला समजावत बसू? आणि गणपतरावांनी चांगल्या मनानं केलंय. अंबूबाई, तू त्यांना कधी सांगू नको. तुला अंबाबाईची शपथ हाय."

विरूपाक्षअण्णा सगळ्या वाटेनं बाहेर बघत बसले होते. घरी आल्यावर तिनं मोरीत बसून तोंड धुतलं. काजळ काही केल्या निघंना. मी तांब्यानं पाणी घालत होते आणि ती घासत होती, घासत होती.

पुढच्या वर्षी महोत्सव झालाच न्हाय. मदत देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, मंडळात भांडणं लागली, बंद पडलं. सुष्मिताचं लग्न ठरलं, इचलकरंजीला गेली, नाच सुटला. चन्नम्माक्का क्लास घेत राहिली, पण काठीत आधीचा जोर नव्हता. आणि गणपतराव? घरी आले की माझ्या हातचा चहा पीत सांगायचे, "वैनी, त्या वेळी बाईंना आपण जपलं. दुसरं मंडळ असतं तर नाचवलं असतं." माझ्या जिवाची नुसती आग व्हायची. वाटायचं, तोच चहा ओतावा ह्यांच्या डोक्यावर. पण शपथ.

दोन हजार सहाला चन्नम्माक्काच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

तिला बसवलं. विभूती लावली, जरीचं लुगडं नेसवलं, डोक्यात मोगरा आणि अबोली. पायापाशी ते घुंगरू ठेवलं. सुष्मिता आलती, कडेवर पोर घेऊन. ती पायाला हात लावून तिथंच बसून राहिली, उठवली तरी उठंना. सगळी पेठ लोटलेली. तालमीतली पोरं, राजारामपुरीतल्या आया, गणपतरावांचं अख्खं मंडळ. ती अशी समोर नटून बसलेली आणि एवढी माणसं तिच्याकडं बघत उभी. मला ओरडावंसं वाटलं, आत्ता आलासा व्हय रं? आत्ता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं चरवी घेऊन गेले, तर विरूपाक्षअण्णांनी दुकान उघडलं होतं. दारात गणपतराव उभे. समाचाराला आलते, आणि उघडं दुकान बघून त्यांचं तोंड उघडं पडलेलं.

"अण्णा, हे काय? सुतकात दुकान?"

"आमच्यात सुतक नसतं की, गणपतराव."

"आं? म्हणजे कधीच नसतं?"

"कधीच नसतं."

गणपतरावांनी उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मग त्या वेळी बाई..."

"आली होती की," अण्णा म्हणाले. त्यांना कुणी शपथ घातली नव्हती, आणि आजवर कुणी विचारलं बी नव्हतं. "नटून आलती. मागं दारात उभी होती. तुम्ही सगळी उभी राहिलासा, तवा ती बी मान खाली घालून उभी राहिली. मग घरी आली."

गणपतराव ज्वारीच्या पोत्यावर मटकन खाली बसले. "मी बाईंना जपलं म्हणून गावभर सांगत फिरलो की ओ," एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. तीन वर्षं त्यांच्यासाठी साठवून ठेवलेल्या शिव्या माझ्या तोंडात होत्या. एक बी बाहेर आली न्हाय.

मी माप भरून पातेल्यात दूध ओतायला लागले. अण्णांनी पातेलं बाजूला घेतलं.

"अंबूबाई, आता निम्मंच घाला," म्हणाले.