महिन्याच्या बोलीवर आणलेली गाडी

शुद्धलेखन चुकलं तर माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानेच देते. अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. चारचौघांत बोलायला गेलं की माझी जीभ उचलत नाही.

आम्ही ताथवड्याचे जुने रहिवासी. आमचे हे चाकणच्या कंपन्यांना कामाला माणसं पुरवतात. त्यांची जुनी जीप होती. ती कंपनीच्या गेटवर गेली की वॉचमन खाली उतरवून वहीत नाव लिहायला लावायचा, आणि मोठ्या गाडीतून कुणी आलं की न विचारता फाटक उघडायचा. हे यांच्या मनाला फार लागलं.

मग कुणीतरी यांना सांगितलं, की परदेशी गाडी आता महिन्याच्या बोलीवर मिळते. विकत घ्यायची नाही, कर्ज काढायचं नाही. महिन्याला सत्तर हजार भरायचे. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं त्यांचं. नको झाली की परत. त्याला सबस्क्रिप्शन म्हणतात.

"आगं, इकत घेतली तर शोरूमच्या भायेर काढल्या काढल्या किंमत पडती," हे मला समजावत होते. "हितं ती भानगडच न्हाई. चार कामं मिळाली की वसूल."

फक्त आधी दीड लाख डिपॉझिट भरायचं होतं. ते गाडी परत केली की परत मिळणार होतं. शेजारच्या अक्काला त्याच महिन्यात दीड लाखाची भिशी लागली होती. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला जातो. लेकीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी तिने ते पैसे धरून ठेवले होते. ॲडमिशनला अजून वेळ होता. मी तिच्याकडे गेले आणि दारातच उभी राहिले. तिनेच ओळखलं.

"पैशे पायजेत व्हय?"

मी मान हलवली.

"लेकीच्या फीला लागत्याल बघ. त्याच्या आत दे. मग माझं काय म्हननं न्हाई."

सगळे पैसे हातात देताना तिने ना चिठ्ठी मागितली, ना सोनं.

गाडी आली ती पांढरीशुभ्र, आत मलईच्या रंगाच्या गाद्या. नंबरपाटी साध्या गाडीसारखी, त्यामुळे आपली नाही हे बाहेरून कळायचं नाही. मला दार उघडता येईना. हँडल कुठे आहे तेच दिसेना. हे हसले, मीही हसले. खोटं कशाला सांगू, बसल्यावर बरं वाटलं. रस्त्यावरचा एक खड्डा लागला नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून माझं चित्त उडालं. गाडी दारात उभी असली की वाटायचं, उभ्या उभ्या पैसे खाते आहे. मी पोळी तव्यावर टाकून खिडकीशी जायची, परत यायची, तोवर पोळी करपलेली. बरं, गाडी निघाली तरी जिवाला घोर. महिन्याला ठरावीक किलोमीटरच चालवायची परवानगी, वर गेलं की दर किलोमीटरला वेगळे पैसे. म्हणजे उभी राहिली तरी खर्च, चालली तरी खर्च. दारात म्हैस बांधली असती तर निदान दूध तरी दिलं असतं.

गेटचं फाटक मात्र उघडायला लागलं. हे खुशीत होते. मग एक दिवस तोंड उतरवून घरी आले. कंपनीच्या साहेबाने खिडकीतून गाडी बघितली आणि म्हणाला, "एवढी गाडी परवडते म्हणजे आमच्याकडून जास्तच घेताय की हो." त्याने माणसामागचा दर कमी करून मागितला. तो साहेब स्वतः स्कूटरवर यायचा.

"द्या परत," मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

"महिना भरलाय, तेवढा संपू दे."

त्याच महिन्यात भावकीत लग्न निघालं. चुलत दीर आले आणि चहाचा कप हातात घेऊनच म्हणाले, "वैनी, घरची आसली गाडी दारात आसताना नवरदेव भाड्याच्या गाडीत बसवायचा व्हय? लोक श्यान घालतील आमच्या तोंडात."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे. गावात सगळीकडे यांनी गाडी आपलीच म्हणून सांगितलेलं.

"घिऊन जावा की," हे म्हणाले. "आपलीच हाय."

लग्न लागलं जुन्नरकडे, म्हणजे तिथवर जाणं-येणं झालं. आणि आमच्यात लग्न झालं की नवरा-नवरी जेजुरीला जातात, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. तीही त्याच गाडीतून गेली. सोबत दोन करवल्या आणि एक आत्याबाई. येताना सगळ्यांच्या अंगावर, केसांत, ओट्यांत भंडारा. गाडी दारात आली तेव्हा मलईच्या गाद्या पिवळ्याजर्द झाल्या होत्या.

देवाचा भंडारा, झाडू तरी कसा लावायचा? मी फडक्याने हळूहळू गोळा करत होते. तेवढ्यात हे बादलीत साबणाचं पाणी घेऊन आले आणि खसाखसा घासायला लागले. हळदीला साबण लागला की काय होतं, ते लग्नघरातल्या कुठल्याही पोरीला विचारा. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत गादी लालभडक.

महिना संपला आणि गाडी परत न्यायला गाडीवाल्या कंपनीचा मुलगा आला. टाय लावलेला, बोलायला फार गोड. मोबाइलने चहूबाजूंनी फोटो काढत होता. मागचं दार उघडलं आणि दचकला.

"काकू, हे रक्त आहे का?"

"भंडारा हाय," हे म्हणाले. "देवाचा."

तो मोबाइलमधल्या नुकसानीच्या यादीत शोधत राहिला. "सर, यात भंडारा असं काही येत नाही. मी नुसता डाग लिहितो."

गाद्यांचे पैसे कापले, वाढलेल्या किलोमीटरचे कापले. दीड लाखातले निम्मेच परत आले. त्याला दोष देत नाही. कागदावर सगळं लिहिलेलं होतं. माझ्या मते ही सोय वाईट नाही; वाकडला टॉवरमध्ये राहणाऱ्या, वर्षभरासाठी आलेल्या एकट्या माणसाला ती परवडत असेल. त्याच्या गाडीवर दुसऱ्या कुणाचा हक्क नसतो. आमच्या दारात आलेली वस्तू आमच्या एकट्याची कधी राहतच नाही, आणि ते गणित यांनी धरलंच नव्हतं.

ॲडमिशन तोंडावर आली होती. आलेले पैसे तसेच घेऊन मी अक्काकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते, पण तोंडून एवढंच आलं, "निम्मेच हायेत."

आत तिची लेक फोनवर मैत्रिणीशी कॉलेजबद्दल बोलत होती, हसत होती. ते हसू मला आत कुठेतरी टोचत राहिलं.

"एवढ्यावर पयला हप्ता भागंल," अक्का म्हणाली. "दुसऱ्या हप्त्याला मात्र म्या कुनाच्या दारात जायाची न्हाई."

त्या दिवसापासून मी कॉलेजजवळच्या मेसला पोळ्या लाटायला जाऊ लागले. यांनी कमी दरात तेच काम घेतलं आणि वॉचमनच्या वहीत पुन्हा नाव लिहायला लागले. पहिले काही दिवस आमचं बोलणं नव्हतं. मग एका संध्याकाळी यांनी आपणहून पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "अक्काचं आधी." नंतर कंपनीचे पैसे आले की दर वेळी ठेवत गेले.

अक्का रस्त्यात भेटली की मी खाली बघून जायची. तिने कधी मागितलं नाही; मागितलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटायचं.

दुसऱ्या हप्त्याच्या आदल्या आठवड्यात उरलेले पैसे पुरे झाले. यावेळी हेही बरोबर आले. अक्काने ओट्यावर बसून बोट ओलं करत नोटा मोजल्या, एकदा नाही, दोनदा. मला त्याचा राग आला नाही. मोजून झाल्यावर तिने लेकीला हाक मारली आणि गड्डी तिच्या हातात दिली. "जा, भरून यी."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फिटलं गं सगळं. काय ऱ्हायलं न्हाई."