माझ्या मुलीचा पहिला वाचक

शीतल जिवंत असताना मी त्याच्यावर जळायचो. आज त्याला जाऊन वर्ष झालं, तरी जळतोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शीतल म्हणजे बाई नव्हे. आमच्याकडे जैन घरांत हे पुरुषाचं नाव असतं. शिरोळकडच्या ऊसवाल्या घरातला, माझा शाळेपासूनचा मित्र. राजारामपुरीत त्याचा दातांचा दवाखाना होता.

आणि फँटसी, सायन्स फिक्शन म्हणजे त्याचा जीव की प्राण.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. हीच पुस्तकं मीही वाचतो. त्यांवर तासभर बोलतो, मुलं बाकाखाली मोबाईल बघतात.

शीतल पेशंटच्या तोंडात ड्रिल घालून कादंबरी सांगायचा. आणि पेशंट चूळ भरून विचारायचे, "मग पुढं काय झालं डॉक्टर?"

मी स्वतः त्या खुर्चीत पडून हे ऐकलंय. बधिर जबड्यानं जळालोय.

त्याची मतं म्हणजे थेट कानाखाली.

"हात हलवला की दार उघडतंय. मग कुलूप कशाला लावलंय लेकानं?"

"हिरोचं नाव भविष्यवाणीत हाय म्हटल्यावर तो मरत न्हाय. मग मी कशाला काळजी करू?"

"यान सूर्याजवळ चाललंय, पानंच्या पानं वर्णन. आत बसलेल्या बाईला भीती वाटत्या का, एक ओळ न्हाय!"

मी अशाच एका कादंबरीवर फेसबुकवर लांबलचक परीक्षण लिहिलं होतं. खाली शीतलची एका ओळीची कॉमेंट. "एलियन बरा हाय, माणसं लाकडी."

लोक माझं परीक्षण सोडून त्या कॉमेंटवर भांडत बसले.

हे सगळं चाललं असतं. पण मग माझी मुलगी रेवा त्याच्याकडे दातांना तार लावायला जायला लागली.

तार आवळताना तो तिला गोष्टी सांगायचा. घरी येऊन ती आम्हाला "शीतलकाका म्हणाले" सांगायची. जेवताना. गाडीवर. सगळीकडे शीतलकाका.

एकदा तो मला सहज म्हणाला, "पोरगी बरं लिहित्या की तुझी."

"काय लिहिते?"

त्यानं माझा चेहरा बघितला. "तुला दाखवलं न्हाय व्हय?"

नव्हतं दाखवलं.

घरी येऊन रेवाला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकतर छानच म्हणणार. नाहीतर शुद्धलेखन काढणार."

खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

मग शीतलला पोटाचा कॅन्सर निघाला.

दवाखाना बंद झाला. हातात पुस्तक धरवेना. एका जाडजूड फँटसी मालिकेचा शेवटचा भाग नुकताच आला होता, त्याची तो कित्येक वर्षं वाट बघत होता. मी म्हटलं, मी वाचून दाखवतो. मनातून खूश होतो. आता तरी तो माझं ऐकेल.

चार पानं झाली.

"थांब. बातम्या दिल्यागत वाचतोयस. रेवाला पाठव."

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवा आली. मीही आलो, कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो. ती वाचत होती, तो डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणाला, "बंद कर."

"दुखतंय का, काका?"

"न्हाय. पुस्तक बंडल हाय. मेलेल्याला परत उठवलाय. असं असतंय व्हय?"

दारातून शीतलच्या पत्नी सुजातावहिनी म्हणाल्या, "अहो, किती वाट बघितलीत त्याची!"

"वाट बघितली म्हणून चांगलं म्हणू? रेवा, तुझी गोष्ट काढ."

रेवानं माझ्याकडे बघितलं. मग मोबाईल उघडला.

माझ्या मुलीची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती अशी. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याला सांगितलेली.

एक ग्रह. तिथं पाऊस कधीच थांबत नाही. एका मुलीची आई वारते, आणि तिला अग्नी द्यायला ती कोरडी जागा शोधत निघते. शेवटी ढग फाटतात, ऊन पडतं.

मी "सुंदर!" म्हणणारच होतो.

शीतल म्हणाला, "पाऊस आपल्या गगनबावड्याचा हाय. पटला. पण ऊन का आणलंस? आधी दाखवलंस तवा नव्हतं."

रेवानं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही आजारी पडलात म्हणून."



"माझ्यासाठी ऊन आणू नको, बाळ," तो म्हणाला. "तिथं पाऊस पडू दे. तिला जे करायचं ते पावसातच करू दे."

घरी येताना रेवा गाडीवर माझ्या पाठीला डोकं लावून रडत होती. मी गाडी चालवत होतो आणि माझ्या मनात काय होतं सांगू? ही माझ्या बोलण्यानं कधी अशी रडली नाही.

काही दिवसांत शीतल गेला.

गोष्टीला रेवानं पुढं बरेच महिने हात लावला नाही. परवा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात प्रिंटआउट.

"पप्पा, खरं सांगा हं. काका सांगायचे तसं."

मी वाचलं. शेवटी आता ऊन नव्हतं. गावातली माणसं चितेभोवती दाटीनं उभी राहतात, डोक्यावर जनावरांची कातडी धरतात, आणि त्या माणसांच्या छपराखाली आग धरते.

पुन्हा "सुंदर!" ओठांवर आलं होतं. तरी म्हटलं, "मधला प्रवास लांबलाय. आणि ती आई कशी होती, ते मला कळलंच नाही."

ती आत गेली. दार लावलं.

मी हॉलमध्ये बसून राहिलो. वाटलं, संपलं. जे शीतलला शोभायचं ते मी करायला गेलो.

मग दार उघडलं. हातात पेन होतं.

"कुठनं लांबलाय?"

जेवणाची ताटं वाढून गार झाली, तरी आम्ही तिथंच बसलो होतो. भांडलो पण. मी काढ म्हटलेला एक अख्खा प्रसंग तिनं काढला नाही तो नाहीच.

शीतल, ती गोष्ट तू वाचायला हवी होतीस. आई तिनं आता नीट लिहिलीय.

जय जिनेंद्र, मित्रा.