शेवटचं पान खणात

आमच्या गावात कॉमिक्स भाड्यानं देणारा एक दुकानदार होता. पोट्टे पुस्तक वेळेवर परत करत नाहीत, म्हणून त्यानं एक शक्कल काढली होती. नवं कॉमिक आलं की त्याचं शेवटचं पान तो काढून घ्यायचा आणि टेबलाच्या खणात ठेवायचा. पुस्तक परत आणा, खणातलं पान घ्या, तिथंच उभ्यानं वाचा, चालते व्हा. संध्याकाळी दुकानापुढं सात-आठ पोट्टे एकेक पान हातात धरून उभे असत, सगळ्यांना एकदमच कोर्टाची नोटीस आल्यासारखे.

नववीत मी शाळा सोडली आणि आतेभावाच्या भरवशावर रायपूरला आलो. तो इथं रेल्वेत होता. त्यानं महिनाभर जेवू घातलं, उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या फॅक्टरीत चिकटवलं. त्याचे उपकार आहेतच. पण गावाहून निघताना माझ्या पिशवीत दोन शर्टांच्या मधे एक कॉमिक राहून गेलं होतं. शेवटचं पान अर्थातच खणात.

ते दिवस कॉमिकमधल्या हिरोच्या राखाडी पोशाखाचे. जाणकार मंडळी आजही त्या अंकांना ‘राखाडी काळ’ म्हणतात, तेही मौर्य काळ म्हणावं अशा आदबीनं. आमचा हिरो भिंतीला तळहात लावायचा अन् पलीकडचं ऐकायचा. बस, एवढीच शक्ती. पुढं त्याला चकचकीत पोशाख मिळाला, उडता येऊ लागलं आणि तो कायमचा दुःखी झाला. ते अंकही मी वाचून पाहिले. ज्याले उडता येते त्यानं इतकं रडावं काहून, हे मले अजून समजलं नाही.

माझ्याजवळच्या अंकात खलनायक त्याला कापसानं ठासलेल्या खोलीत कोंडतो. भिंतीला हात लावला तरी काही ऐकू येत नाही. छत खाली येऊन राहिलं. आणि पान संपतं.

पुढं फॅक्टरीजवळच्या बिरगावात संसार झाला, लेक झाली. तिसरीच्या गणितातच ती माझ्यापुढं निघून गेली. मग तिला शिकवायला माझ्याकडं हे एक कॉमिकच उरलं. चित्रावर बोट ठेवून मी सांगायचो. शेवटी ती विचारायची, “फिर?”

“मंग काय! कोपऱ्यातून पाण्याचा पाइप जाऊन राहिला ना, त्याले हात लावला त्यानं. पाइप साऱ्या फॅक्टरीतून फिरते. सारं ऐकू येते.”

हे मला सुचलं त्यात विशेष काही नाही. मी पंप सांभाळतो; मीटर पाहण्याआधी पाइपाला हात लावायची सवय आहे. चूक पुढं झाली. “ये छपा है?” असं तिनं विचारल्यावर मी म्हटलं, “शेवटच्या पानावर. म्या सोता वाचलं, दुकानात, उभ्यानं.”

बारा-तेरा वर्षं हे खपलं. मागल्या महिन्यात कॉलेजातून येऊन तिनं फोन माझ्या नाकापुढं धरला. “पापा, तेलीबांधा में एक मराठी अंकल हैं, उनके पास पूरा राखाडी काल है। आपवाला अंक भी। लास्ट पेज के साथ। संडे को चलेंगे।”

मी म्हटलं पोट दुखून राहिलं. म्हटलं गाडीच्या टायरात हवा कमी आहे.

“हवा मैंने भरवा ली।”

ते अंकल म्हणजे सरकारी कार्यालयातले साहेब, पुण्याकडचे, फार सज्जन. “या ना काका. फक्त जरा हात धुऊन घेता का?” प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि साहेबांच्या हातात पांढरे मोजे.

“हा कसा वाटला तुमाले?” मी विचारलं. वाटलं, गप्पांत वेळ निघून जाईल.

“वाचला नाहीये हो. वाचलं की कोपरे दुमडतात.”

त्यांनी पाकिटातून अंक काढला. आयुष्यात एकच गोष्ट मी लेकीला शिकवली होती, आणि तिचा पुरावा आता उघडणार होता. बाप नववीचा आहे हे तिला ठाऊक होतं. बाप खोटारडा आहे हे नव्हतं.

शेवटचं पान उघडलं. छत फुटतं. वरून एक साधू उतरतो, राख फेकतो, कापसाचं पाणी होतं. हिरो नमस्कार करतो. खाली गोळ्या-बिस्किटांची जाहिरात.

लेकीनं पान पाहिलं. मग मला पाहिलं. मी साहेबांचा पंखा पाहू लागलो.

“हे काय?” साहेब म्हणाले. “हा साधू कुठून आला?”

प्रश्न रास्त होता. आधीच्या तीस पानांत साधू तर सोडा, साधी दाढीसुद्धा नव्हती.

“गलत छपा है, अंकल,” लेक शांतपणे म्हणाली. “सही वाला मैं बताती हूँ।”

तिनं उघड्या हातानंच पान मागं उलटलं. साहेबांचा श्वास अडकला. “ये पाइप देखिए। हर चित्र में है।” मग तिनं सगळं सांगितलं, माझ्याच हातवाऱ्यांसकट. एरवी मराठीत जी हूं की चूं करत नाही, ती शेवटी “सारं ऐकू येते” माझ्याच सुरात म्हणाली.

साहेबांनी मोजे काढले, वाकून पाइपावर बोट ठेवलं. “अरे, खरंच आहे की! मग लेखकाला कसं सुचलं नाही?”

“उन्होंने कभी पंप नहीं चलाया होगा।”

मी मनातल्या मनात त्या साधूला हात जोडले. शेवट जरा बरा असता, तर मी मेलो होतो.

खाली गाडीपाशी हेल्मेटचा पट्टा लावत तिनं विचारलं, “खड़े-खड़े पढ़ा था ना आपने?”

“हव,” मी म्हटलं. “गर्दी होती. घाईत वाचलं.”