यादोरावाच्या नावाची गारी

लग्नाच्या पंगतीत वरपक्षाला शिव्या घालायचा हक्क या धानाच्या मुलखात बायकांना पिढ्यान् पिढ्या आहे. त्या शिव्या गाऊन घालतात आणि त्यांना गारी म्हणतात. इवाई, म्हणजे व्याही, जेवायला बसला की कुडाआड बसलेल्या बायका त्याचं नाव घेऊन सुरू होतात. त्याचं पोट, त्याचं नाक, त्याची चाल, काही म्हणजे काही सोडत नाहीत. नियम दोनच. पंगतीत बसलेल्या कोणीही उलटून बोलायचं नाही आणि गारी संपेपर्यंत पत्रावळीवरून उठायचं नाही. मान खाली घालून भात कालवायचा आणि जमेल तसं हसायचं.

पिंपळटोल्याची धुरपता या कामात अशी तरबेज होती की तिच्या गावात सोयरीक करताना लोक आधी विचारून घेत, ती पोरगी मांडवात असणार का. रुख्मा आत्यासारख्या जुन्या बायका आजीपासून चालत आलेल्या गाऱ्या म्हणत. धुरपताला शिळं चालत नसे. वरात आली की ती पाण्याची गुंडी घेऊन जानोशात, म्हणजे वरातीच्या उतरायच्या जागी जाई, पाणी वाढता वाढता एकेकाचं तोंड निरखून घेई, आणि दुसऱ्या दिवशी पंगतीत त्या तोंडाचे असे धिंडवडे काढी की इवायाच्या सख्ख्या भावाला ठसका लागे. माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला एक ओळ सुचत नसे. सोळाव्या वर्षी तिचं लग्न सडक अर्जुनीच्या पलीकडच्या यादोरावाशी झालं. चांगली बारा एकर बांधी, म्हणजे धानाची शेतं असलेलं घर होतं, आणि यादोराव दिसायला देखणा. ते त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

देश स्वतंत्र झाला त्या सालच्या दिवाळीला धुरपता माहेरी आली आणि तिला माता आली, म्हणजे देवी निघाल्या. दीड महिना ती कडुनिंबाच्या पाल्यावर पडून होती. जीव वाचला, डोळेही वाचले, पण तोंडावर बोट टेकवायला सपाट जागा उरली नाही. यादोराव या काळात एकदाही फिरकला नाही. भाऊ मनिराम म्हणाला, धान कापणी चालू असेल. मग म्हणाला, मळणी चालू असेल. त्यानंतर काय चालू असेल ते त्यालाही सांगता येईना.

वैशाखात गावात एक लग्न निघालं आणि यादोराव वरातीत आला. याच फेरीत तो बायकोला घेऊन जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. धुरपतानं आपली पेटी भरून ठेवली. पंगत बसली तेव्हा ती नेहमीसारखी कुडाआडून पुढे झाली आणि तिनं इवायाच्या भल्यामोठ्या नाकावर गारी सुरू केली. दोन ओळी झाल्या असतील नसतील, यादोरावानं पंगतीतून आवाज टाकला.

"त्याचं नाक राहू दे वो! आंधी आपलं थोबाड पाय. मातेनं नांगरून ठेवलं ते!"

सगळी पंगत हसली. शंभर माणसं, तोंडात घास घेऊन, हसली. यादोरावानं अर्ध्या भातावर हात धुतला, उठला आणि जानोशाकडे निघून गेला. त्यानं दोन्ही नियम मोडले होते, पण हसण्याच्या नादात ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. यादोरावाचं एक वेळ सोडा, त्याची लायकी तेवढीच होती. पण धुरपताला लहानपणापासून ओळखणारी, तिच्या गाऱ्यांवर पोट धरून हसलेली तिच्या गावची माणसं त्या दिवशी हसली, त्यांची मला जास्त चीड येते. दुसऱ्या दिवशी वरात गेली. पेटी मनिरामच्या बायकोनं उघडली आणि लुगडी परत दोरीवर टाकली. पुढच्या वर्षी यादोरावानं दुसरी बायको केली.

त्या दिवसापासून धुरपताला गारी सुचेना. लग्नात ती जाई, मागे बसून रुख्मा आत्याच्या जुन्या ओळी पकडी, पण स्वतःचं असं एक अक्षर येत नसे. कोणाचं टक्कल पाहावं, ओळ ओठांवर यावी, आणि तेवढ्यात कानात ते 'आंधी आपलं थोबाड पाय' वाजावं की ओळ गेलीच. भावाच्या ओसरीत बिड्या वळत ती दिवस काढू लागली. बिड्या वळायला तोंड लागत नाही.

मात्र एक गारी ती रोज रचत होती, यादोरावाच्या नावाची. एक दिवस हा माणूस आपल्यासमोर पत्रावळीवर बसेल आणि त्याला उठता येणार नाही, एवढ्या एका आशेवर तिनं दहा वर्षं काढली. आणि त्या दहा वर्षांत तिला धड दोन ओळी जमल्या नाहीत. त्याला बैल म्हणावं, तर बैल सगळ्यांनाच म्हणतात. त्याला कोल्हा म्हणावं, तर त्यात कोल्ह्याचाच अपमान. रागाची काही कमी नव्हती. राग इतका होता की तेंदूचं पान कातरता कातरता तिची कात्री बोटात शिरे. पण रागानं गाणं होत नाही, हे तिला दर वर्षी नव्यानं कळे आणि ती स्वतःवरच दातओठ खाई.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या चैत्रात ती संधी चालत आली. शेजारच्या चैतरामची पोरगी जमुना यादोरावाच्या धाकट्या भावाला, परसरामला दिली. परसराम शाळामास्तर, स्वभावानं गरीब, आणि असं स्थळ सोडायची चैतरामची छाती नव्हती. परसरामचा बाप वारलेला, म्हणून इवाई म्हणून पंगतीत बसणार यादोराव. ही खबर घेऊन जमुनाची आई सुशिलाबाई स्वतः आली. ती खाली बसली आणि बिडीचं एक पान उलटसुलट करू लागली.

"धुरपताबाई, तू मांडवात येजो. पण त्याच्यावर गारी नोको म्हनू," ती म्हणाली.

"काऊन?"

"माही पोरगी त्या घरात नांदाले जाऊन राहिली. तू इथं म्हनशीन, अन् तो तिथं माह्या पोरीवर काढन."

"तुमाले दुसरं घर भेटलं नाही?"

सुशिलाबाईनं पान सुपात ठेवलं आणि हात जोडले. धुरपताला तिची दया आली आणि दया आली म्हणून आणखी संताप आला. "खोटा शब्द येकही नाही गानार," ती म्हणाली. "त्याच्या मायबापाले नाही बोलनार. याच्या वर वचन नाही देत. अन् त्याचं तोंड बंद कराचा उपाय मायाजवळ असन, तं तुह्या पोरीचंच भलं होईन."

उपाय आहे असं ती बोलून गेली खरी, पण उपाय कुठे होता? लग्न वीस दिवसांवर आलं आणि गारीचा पत्ता नव्हता. मग तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. दहा वर्षांत तिनं यादोरावाला पाहिलंच नव्हतं. ती तोंड पाहून रचणारी बाई, आणि रचत होती डोळ्याआड असलेल्या माणसावर. ती रुख्मा आत्याकडे गेली. आत्या दोन महिन्यांपूर्वी त्याच्या गावी एका तेराव्याला जाऊन आली होती.

"आत्या, तो आता कसा दिसते?"

"कसा दिसन? माणसासारखा दिसते."

"टक्कल पडलं का? पोट सुटलं का? दात?"

"नाही वो माय. तसाच आहे, चांगला," आत्या खेदानं म्हणाली. "मले विचारून का फायदा? मले दिसते किती?"

धुरपता घरी आली. ओसरीच्या खांबाला मनिरामचा दाढीचा आरसा लटकत होता. दहा वर्षं ती त्या खांबाजवळून मान वळवून जात होती. आता तिला वाटलं, त्याचं तोंड नाही पाहता येत तर नाही. त्यानं जे पाहिलं आणि जे पाहून तो पळाला, ते तरी आपण पाहू. तिनं आरसा काढला आणि उजेडात बसली. सुरुवातीला तिला रडू आलं. नंतर जुनी खोड जागी झाली. जानोशात पाणी वाढताना ती जशी परक्या इवायाचं तोंड निरखायची, तसं तिनं हे तोंड निरखलं. गाल पाहिले. नाक पाहिलं. नाकावरचे खड्डे बोट ठेवून ठेवून मोजले, ते सात भरले. आणि तिच्या मनात आलं, हे तोंड कोण्या इहिणीचं, विहिणीचं असतं तर मी काय मजा केली असती!

तिनं केली. पहिली ओळ आली ती तिच्या स्वतःच्या गालांवर. दुसरी नाकावर. ती मोठ्यानं हसली, आणि तिला आश्चर्य वाटलं की त्यात काही दुखलं नाही. ज्या ओळीला ती दहा वर्षं घाबरत होती, ती तिनंच रचली होती आणि यादोरावापेक्षा शंभर पटीनं चांगली रचली होती. दिवेलागणीच्या आत गारी तयार झाली. त्या दिवशी बिड्यांचं सूप अर्धंच राहिलं.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, भात, वरण, वांग्याची भाजी, वर बुंदी. मधोमध यादोराव, पांढरं धोतर, डोक्याला कोसा रेशमाचा फेटा. आत्या म्हणाली होती तसाच, देखणा. त्यानं पहिला घास उचलला आणि कुडाआडून धुरपता उठली. नुसती उठली नाही, कूड ओलांडून पंगतीच्या समोर येऊन उभी राहिली. पदर मागे सारला, म्हणजे तोंड सगळ्यांना नीट दिसावं. सुशिलाबाईनं डोळे मिटून घेतले. धुरपतानं आवाज लावला.

"माह्या गालाच्या बांधीत, बाई, मातेनं रोवला धान,
येक रोप नाही सुकला, पाय गा देऊन ध्यान.
माह्या नाकाच्या बांधावर, बाई, खड्डे पडले सात,
सात खड्डे पाहून कोन टाकून पळला भात?"

पहिल्या दोन ओळींना पंगत हसलीच नाही. हसावं की नाही ते कोणाला कळेना. चौथ्या ओळीला बायकांना कळलं. रुख्मा आत्यानं टाळी दिली आणि मागच्या तीस बायकांनी एका तोंडानं विचारलं, "कोन वो बाई, कोन?"

"यादोराव गा इवाई, आता हलू नोको ठायी,
दहा वरसं वाढून ठेवला, भात आजून गार नाई!"

मांडव फुटतो की काय असं झालं. शंभर माणसं पुन्हा हसली. यादोरावानं मान वर केली, तोंड उघडलं. आणि तसंच उघडं राहिलं. काय बोलणार? त्याच्याजवळ होता तो एकच शब्द, तो तिनं आधीच गाऊन टाकला होता, आणि आपलं तोंड तर तिनंच त्याच्यासमोर उघडं ठेवलं होतं. त्यानं उठायला गुडघा टेकवला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या वऱ्हाड्यानं त्याच्या मांडीवर हात ठेवला. "बस गा, गारी चालू आहे," तो म्हणाला. दहा वर्षांपूर्वी जे कोणी म्हटलं नाही ते आज त्याच्याच गावचा माणूस म्हणाला.

आणि गारी संपेना. तिनं भेकडाचे पाय गायले, पळताना सुटलेलं धोतर गायलं, आणि दर कडव्याला बायका विचारत, कोन वो बाई, कोन? दर वेळी उत्तर तेच. बाकीच्यांनी बुंदी दुसऱ्यांदा घेतली. यादोरावाच्या बोटांवर वरणभात वाळून पांढरा झाला. परसराम मास्तरनं उपरण्यात तोंड लपवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. धुरपतानं यादोरावाकडे एकटक पाहिलं. तिला कीव आली नाही. तिला गोड वाटत होतं, पोट भरल्यासारखं. शेवटच्या कडव्यात तिनं जमुनाचं नाव घेतलं:

"जमुना पोरीच्या डोळ्यात येकही आसू दिसन,
तुह्या दारी उभी राहीन, गारी तिथं बसन."

बायका दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी गेल्या आणि गारी घेऊन गेल्या. जेठात ती देवरीला म्हटली गेली, पुढच्या वैशाखात गोंदियाच्या अलीकडच्या गावांत. यादोराव ज्या लग्नात जाई तिथं पत्रावळ मांडली की कुडाआडून कोणी तरी खोकून गळा साफ करी. त्यानं पंगतीला बसणं सोडलं. मग लग्नांना जाणंच सोडलं.

साठ साली जमुना पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, अंगानं भरलेली, हसरी. तिला पोचवायला आलेला परसराम मास्तर ओसरीत धुरपतासमोर संकोचून बसला. यादोरावानं त्याच्याजवळ निरोप दिला होता.

"वैनी," तो म्हणाला. ती त्याची वहिनी राहिली नव्हती, तरी म्हणाला. "दादा म्हणते, गारी राहू द्या, लोकाले आवडते. पण तेच्यातून तेचं नाव तेवढं काढून टाका. दुसऱ्या कोनाचं बी घाला."

धुरपतानं बिडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला आणि बिडी सुपात ठेवली. तिचा राग दोन वर्षांत तसूभरही कमी झाला नव्हता आणि तो कमी व्हावा असं तिला वाटतही नव्हतं.

"त्याचं नाव काढाचं तं माहं तोंड बी काढा लागन," ती म्हणाली. "सांगजो त्याले, माहं तोंड मी नाही काढत."