चौथं शील

शेजारच्या बायका संकट आलं की देवाशी भांडतात. दिवा लावायचा थांबवतात, उपास सोडतात, चार दिवसांनी पुन्हा मनवतात. आमच्या घरात ती सोय नव्हती. बुद्धाला नवस बोलायचा नसतो, त्याच्याकडे काही मागायचं नसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे नवरा गेला आणि नंतर त्याच्या माथी खोटा दोष लागला, तेव्हा रडावं कुणापुढे हेच मला कळेना. पौर्णिमेला विहारात जायची, हात जोडून बसायची, आणि मनात एकच यायचं, की इथं बसून काय होणार आहे?

आमचं गाव मोताळ्यापासून थोडं आत आहे. माझ्या मुलीचे, प्रज्ञाचे, बाबा एका ठेकेदाराकडे विजेच्या तारांचं काम करत. त्यांच्या जोडीला कायम मिलिंदभाऊजी असायचे, आमच्याच वस्तीतले, ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. दोघं एका गाडीवर जात, एका डब्यात जेवत. त्या दिवशी ठेकेदाराने भाऊजींच्या फोनवर सांगितलं, की लाइन बंद केली आहे, खांबावर चढा. हे चढले. लाइन चालू होती.

हे सगळं मला भाऊजींनीच सांगितलं, अंत्यविधीहून परतताना, माझ्या भावाच्या देखत. मी त्या वेळी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते, तरी शब्द न शब्द आत राहिला. पुढे बुलढाण्याच्या कार्यालयात चौकशी लागली. मला वाटलं, भाऊजी आहेत, ते होतं तसं सांगतील. चौकशीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. थोड्या वेळाने मला आत बोलावलं आणि साहेबांनी भाऊजींचा जबाब वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की लाइन बंद झाल्याचा निरोप आलेला नव्हता, मी त्याला थांबवत होतो, तो न ऐकता स्वतःच्या मनाने चढला. खाली भाऊजींची सही. ते तिथेच खुर्चीवर होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे. ठेकेदाराची ऊठबस मोठ्या लोकांत. माझ्याकडे ना कागद, ना साक्षीदार. भाऊ म्हणाला, माझं कोण ऐकणार, मी तर सख्खा मेहुणा. पण मला खरा घाव बसला तो वेगळाच. प्रज्ञा तेव्हा बारावीला होती. तिने विचारलं, "आई, बाबा खरंच कोणाचं न ऐकता चढले होते का?" मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्याच्या मुलीलाही शंका यावी, इतकं ते खोटं पक्कं झालं होतं.

त्या दिवशी कार्यालयातून बाहेर आले आणि पायऱ्यांवरच बसले. माणसं बाजूने जात-येत होती. एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, हातात कागदांची पिशवी, माझ्याजवळ येऊन बसली. तिचंही आत काही काम अडलं असावं. तिने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली, मग फडक्यातली भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. खाता खाता तिला सगळं सांगून टाकलं, जे सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. भर विहारात, पन्नास माणसांत भाऊजींची अब्रू काढणार आहे, हेही सांगितलं. कारण मिलिंदभाऊजी आमच्या विहारात वंदना घेत. त्यांचा आवाज चांगला. त्या खोट्या जबाबावर सही करणारा माणूस दर पौर्णिमेला आम्हाला पंचशील देणार होता.

म्हातारीने उरलेली भाकर फडक्यात बांधली. मग म्हणाली, "चारचौघात पाडशीन तर तो तुह्याशी भांडन वं माय. एकटा गाठ. आन् त्याले उभं राहाले जागा ठेव."

एवढंच. तिचं नाव आतून पुकारलं गेलं आणि ती उठून गेली. नाव मला नीट ऐकू आलं नाही. मी तासभर थांबले, पण ती कुठल्या दाराने गेली कोण जाणे. पुढे त्या कार्यालयात मी कितीदा गेले, ती पुन्हा दिसली नाही. घाट उतरताना एसटीच्या खिडकीशी बसून मी तिचं वाक्य मनात घोळवत होते. खरं सांगते, मला ते आवडलं नव्हतं. मला भाऊजींना पाडायचंच होतं.

पौर्णिमेला संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी विहारात गेले. भाऊजी एकटेच होते, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावत होते. मला पाहून त्यांचा हात थबकला. ओठांवर शंभर शिव्या होत्या. पण त्यांचा उतरलेला चेहरा बघितला, आणि म्हातारीने ठेवायला सांगितलेली ती जागा मला दिसली. मी म्हटलं, "भाऊजी, मी भांडाले नाही आली. आज तुमी चौथं शील म्हणसान, की खोटं बोलणार नाही. मी तुमच्या मागून म्हणीन. तुमी ते म्हटलं, तर तुमचा जबाब खरा होता असं मी समजीन. प्रज्ञालेही तसंच सांगीन. पुन्हा कधी तुमाले इचारणार नाही."

त्यांनी हातातली मेणबत्ती लावली. मी जाऊन बायकांच्या रांगेत बसले, आणि तेव्हा मला भीती वाटली. हा माणूस सहज म्हणून जाईल. रोजचे पाठ असलेले शब्द, त्याला काय लागतं? आणि मी शब्द दिलेला. मग मुलीला घरी जाऊन काय सांगू? मग कसं कोण जाणे, एका क्षणी ती भीती थांबली. मनात आलं, जे खरं आहे ते माझ्यामुळे खरं नाही. मी ते ओढून आणू शकत नाही. मी फक्त इथे बसू शकते.

वंदना सुरू झाली. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. आम्ही मागून म्हणत होतो. मग आवाज आला नाही. लोकांना वाटलं, ठसका लागला असेल. कुणीतरी पाणी आणायला उठलं. भाऊजी हात जोडून, मान खाली घालून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. विहारात इतकी शांतता झाली, की मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू आली. ती शांतता मला सहन होईना. मीच चौथं शील म्हटलं. लोक माझ्या मागून म्हणाले. पाचवंही मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दाराशी आले, बायको सोबत होती. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, "वहिनी, ठेकेदारानं मले कायमचं काम देतो म्हटलं. दोन लेकरं हायेत. मी भ्यालो." मग थोडं थांबून म्हणाले, "आज बुलढाण्याले चाल्लो. तुमी येसान का?"

आम्ही तिघं एकाच एसटीने गेलो. भाऊजींनी नव्याने जबाब दिला, पहिला खोटा होता हे लिहून दिलं, ठेकेदाराचा फोन कधी आला तेही सांगितलं. फोनच्या नोंदी मागवल्या गेल्या, त्यातही ते दिसलं. पुढे सात-आठ महिने गेले. शेवटी जो कागद हाती आला, त्यात मयत कामगाराची चूक नव्हती अशी एक ओळ होती. प्रज्ञाने ती मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली. कागद तिच्याच वहीत आहे.

भाऊजींचं काम त्याच आठवड्यात गेलं होतं. वर्षभर त्यांनी फार ओढाताण सोसली. आता मोताळ्याला मोटारी दुरुस्त करतात. वंदना घ्यायला ते तयार नव्हते. मीच जाऊन म्हटलं, की तुमच्याशिवाय कोणी घ्यायची नाही. चौथ्या शीलाशी त्यांचा आवाज अजून किंचित खाली येतो. मला तो तसाच आवडतो.

आमच्यात चमत्कार मानत नाहीत, आणि मीही त्या म्हातारीला चमत्कार म्हणणार नाही. कुणाची तरी आई होती, तिचं काम अडलं होतं, तिने अर्धी भाकर दिली. पण ती भेटली नसती तर मी त्या पौर्णिमेला एका माणसाला संपवून आले असते आणि माझ्या माणसाचं नाव तसंच मातीत राहिलं असतं. शरण जाणं म्हणजे दुबळ्याचं काम, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं, की आपलं जेवढं आहे तेवढं पुढे ठेवून बाकीचं सोडून द्यायला फार बळ लागतं. ते बळ माझं नव्हतं, कुठून आलं ते मी सांगू शकत नाही. खोटं बोलायची सगळी सोय असताना एक माणूस माझ्यासमोर थांबला. त्याच्या त्या थांबण्याला मी आजही हात जोडते.