गाळासुराच्या पाठीची चेन

बेरिल मर्गट्रॉइडनं शिवलेला पडदा आजवर कुणी परत आणलेला नाही. आमच्या क्रॅगथ्वेट गावात कुठल्याही घरात शिरा, खिडकीला तिचाच पडदा असतो, आणि तो कसा ओढायचा हे ती रस्त्यावरूनच ओरडून सांगते. वय ब्याऐंशी. बुटकी, रुंद, आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय एवढी जुनी, की टाचण्या नसल्या तरी ओठ मिटूनच बोलते. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. ती आम्हाला गाढव म्हणते, आणि लाडानं म्हणते असं काही नाही.

तिच्या हातच्या एकाच वस्तूला सारा देश हसला. ती वस्तू म्हणजे गाळासुर.

‘आकाशगस्त’ ही मालिका त्या काळी दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायची. तिच्यातला कॅप्टन दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरायचा, आणि ते सगळे ग्रह यॉर्कशरमधल्या कुठल्या ना कुठल्या दगडाच्या खाणीत असायचे. चौऱ्याहत्तर साली आमच्या खाणीची पाळी आली. त्या भागातला राक्षस गाळासुर लंडनहून उघड्या लॉरीतून निघाला होता. कागदाच्या लगद्याचा होता बिचारा. लीड्सच्या पुढं पाऊस लागला आणि आमच्या गावात पोचली ती नुसती लापशी.

त्यांचा मॅनेजर मावशीच्या पडद्यांच्या दुकानात धावत आला. “बाई, परवापर्यंत एक राक्षस होईल का?”

मावशीनं टाचण्या काढून विचारलं, “अस्तर लावून का बिनअस्तराचा?”

दोन तपकिरी रजया, गालिच्याखाली घालायचं जाड फेल्ट, भांडी घासायचे सहा जोड रबरी हातमोजे, आणि डोळ्यांना चहाची दोन गाळणी. एवढ्यात राक्षस उभा राहिला. पण आत जायचा नट होता साडेपाच फुटी आणि रजया निघाल्या डबलबेडच्या. तेव्हा आत गेला मावशीचा नवरा हेडली, त्याच खाणीत दगड फोडणारा, सव्वासहा फुटांचा माणूस. हेडलीला तासाला एक मोठा मग चहा लागायचा, आणि प्यालेला चहा पुढं कुठं जातो ते मावशीला ठाऊक होतं. म्हणून तिनं तंबूची पितळी चेन घेतली आणि मानेपासून पार खालपर्यंत बसवली. “पाठीला लावा,” डायरेक्टर म्हणाला, “पाठ कोण बघतंय?”

पाठ सगळ्यांनी बघितली. शेवटच्या प्रसंगात हेडली चिखलात पडला, उठला तो गाळण्यांतून काही दिसेना म्हणून उलट्या तोंडानं उठला, आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून सगळी खाण चालून गेला. ऊन पडलं होतं. चेन अशी लखलखली की काय सांगू. दुसऱ्यांदा चित्रण करायला त्यांच्याकडं वेळ नव्हता. तसंच दाखवलं.

तेव्हापासून तो भाग मालिकेतला सगळ्यांत टुकार म्हणून गाजला, आणि टुकार म्हणूनच लोकांना आवडायला लागला. दर सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ‘आकाशगस्त मंडळ’ आमच्या चॅपेलच्या हॉलमध्ये जमतं. पन्नास-साठ माणसं लांबलांबून येतात, आमचं बोलणं ऐकून गालात हसतात (हसू देत, त्यांचं बोलणं ऐकून आम्ही घरी जाऊन हसतो), पडद्यावर तो भाग बघतात, चहा-केक खातात आणि आपलं मत एकेका कार्डावर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकतात. मग अध्यक्ष डेस्मंड फेअरली ती मतं मोठ्यानं वाचतात. हॉलच्या किल्ल्या माझ्याकडं, चहाची किटली मावशीकडं. ती कोण, हे मंडळाला ठाऊक नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊक, पण मावशीनं सांगून ठेवलेलं, “जो तोंड उघडील त्याचे पडदे मी काढून आणीन.”

मतं अशी असायची: ‘पलंगाला जाग आल्यासारखं वाटलं.’ ‘कॅप्टन घाबरलाय तो राक्षसाला नव्हे, राक्षस उसवेल म्हणून.’ ‘मी सात वर्षांचा होतो. चेन बघून रडलो. म्हटलं, हे वरचं कव्हर असेल तर आतलं कसं असेल!’ आणि बाकी सगळी चेन, चेन, चेन.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला की मावशी ती कार्डं पिशवीत भरून घरी न्यायची. एकदा मी विचारलं, “मावशी, काय शोधता त्यात?”

“शिवणीबद्दल कुणी लिवलंय का बघते.”

“लिहिलंय की. चेनबद्दल.”

“चेन म्हंजे शिवण न्हवं, गाढवा.”

हॉलच्या भिंतीवर गाळासुराचा एक फोटो आहे. खाणीत पाठमोरा उभा, चेनसकट. हेडली जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि खाणीतल्या कामाच्या दिवसांतला त्याचा दुसरा फोटो कुणाकडं नाही. यात तोंड दिसत नाही, पण खांदे त्याचेच आहेत. मावशी त्या फोटोखाली टेबल मांडते. का, ते आम्ही विचारत नाही.

तर गेल्या सप्टेंबरात डेस्मंड फेअरली माईक हातात घेऊन म्हणाले, “मित्रहो, यंदा एक आनंदाची बातमी आहे. लेस्टरचे आपले सभासद कीथ बॉलार्ड यांनी गाळासुर नव्यानं घडवला आहे. निर्दोष! आज तुमच्या कार्डांवर मतांबरोबर एवढंच लिहा, भिंतीवर जुना फोटो ठेवायचा की नव्याचा लावायचा. जास्त मतं ज्याला, तो लागेल.”

मावशी किटलीतून चहा ओततच राहिली. ओठ तेवढे आणखी आवळले.

दार उघडलं आणि राक्षस अंगावर चढवूनच कीथ आला. हा माणूस कवळ्या बनवतो, हात बारीक कामाचा. राक्षस खरोखर देखणा होता. खवले, नखं, शेवाळ. तो सावकाश वळला, पाठ दाखवली. सपाट. गुळगुळीत. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“एक टाका नाही!” आतून कीथचा आवाज आला. “चेन नाही, बटण नाही. अंगावर चढवून सगळं डिंकानं बंद केलंय. कवळीचाच डिंक आहे!”

मावशी टेबलामागून पुढं आली. त्याच्याभोवती एक फेरी मारली. बोटानं पाठीवरचा जोड चाचपला. मग अगदी गोड आवाजात, जो मी जन्मात तिच्या तोंडून ऐकला नव्हता, म्हणाली, “दमला असशील पोरा. चहा घे.”

त्याच्या जबड्यात एक फट होती. मावशीनं नळी आणली. एक कप झाला. तो भाग सुरू झाला, कीथ पहिल्या रांगेत. दुसरा कप. हेडली चिखलात पडला तेव्हा तिसरा. “आनी घे की. राक्षसाला काय तीन कपांनी हुतंय?” ती म्हणाली. चौथा कप भरताना तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी हळूच म्हणालो, “मावशी, हे बरं नव्हं.”

“काय बरं न्हाई? पावण्याला चहा पाजतीय मी.”

दिवे लागले, कार्डं डब्यात पडली. डेस्मंड वाचायला लागले. पहिलं कार्ड: ‘नवा लावा.’ दुसरं: ‘नवा. जुन्याची पाठ आता पुरे.’ तिसरं, चौथं, नवा, नवा. मावशी फडक्यानं तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसत होती.

आठव्या कार्डाला कीथ उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागला.

“वा!” मागून कुणीतरी ओरडलं. “असं चालायला पाहिजे होतं त्या मूळच्यानं!”

टाळ्या. कीथ गुडघे जुळवून वाकला. आणखी टाळ्या.

“डेस्मंड,” आतून बारीक आवाज आला, “मला बाहेर काढ.”

“हा हा! अप्रतिम!”

“डेस्मंड! खरंच काढ!”

डेस्मंडनी पाठ चाचपली. चार जणांनी खवले ओढून बघितले. डिंक कवळीचा, सफरचंद चावलं तरी सुटू नये म्हणून केलेला. “घरी कसा निघतोस?” डेस्मंडनी विचारलं.

“बायको केस वाळवायच्या मशीननं गरम करते. अर्धा तास लागतो.”

“मग अर्धा तास—”

“अर्धा तास नाहीये माझ्याकडं!”

मावशीनं ॲप्रनच्या खिशातून कात्री काढली. पडदे कापायची, हातभर लांब. ती कीथच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

“आदी मला सांग,” ती म्हणाली. “चेन कशाला असती?”

“काय?”

“चेन, चेन. राक्षसाच्या पाठीला. कशाला असती?”

“बाहेर पडायला!” कीथ किंचाळला. “बाहेर पडायला असते! देवाशपथ!”

मावशीनं मानेपासून खालपर्यंत एका दमात कापत नेलं. रेघ अशी सरळ, की पट्टी लावून बघावी. कीथ बनियन-चड्डीवर बाहेर पडला आणि भजनाची पुस्तकं मांडून ठेवलेल्या टेबलावरून उडी मारून आत, संडासाकडं गेला. दार आपटलं.

मावशी कात्री पुसत म्हणाली, “माझा नवरा रोज नऊ तास हुता आत. दोन दिस. एकदाबी कापावं लागलं न्हाई.”

डेस्मंड फेअरलींनी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडं, मग पुन्हा तिच्याकडं. “बाई, म्हणजे तो... तुम्ही?”

“अस्तर लावून,” मावशी म्हणाली.

त्यानंतर डब्याभोवती जी झुंबड उडाली! प्रत्येकाला आपलं कार्ड परत पाहिजे होतं. नियमात बसतं का, असं डेस्मंडनी एकदा विचारलं, पण ते स्वतःच खोडत होते. फोटो जागेवर राहिला. एकच मत नव्याला उरलं, ते एका बहिऱ्या आजोबांचं. त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं.

सगळे गेल्यावर कीथ माझा कोट घालून टेबलापाशी आला. “तुम्ही मुद्दाम पाजलात,” तो म्हणाला.

“व्हय,” मावशी म्हणाली. “बुधवारी ये. चेन बसवून देते. कापड चांगलं हाय तुझं.”

त्यानं एक कार्ड तिच्यापुढं ठेवलं आणि गेला. मावशीनं चष्मा लावून वाचलं, मग माझ्याकडं सरकवलं. लिहिलं होतं: ‘मूळच्या पोशाखाची शिवण बारकाईनं पाहिली. एकही दोष नाही.’

“घ्या मावशी,” मी म्हणालो. “एवढ्या वर्षांत एक तरी आलं.”

ती वळून बराच वेळ फोटोकडं बघत राहिली. मला वाटलं आता डोळे पुसते की काय.

“डावी बाही उलटी बसलीय,” ती म्हणाली. “अंगठा भाईरच्या अंगाला आलाय बघ. सगळी मेली चेनला हसत बसली, बाहीकडं एकाचंबी लक्ष न्हाई. आनी हा म्हणं बारकाईनं बघतोय!”

तिनं कार्ड घडी करून ॲप्रनच्या खिशात घातलं आणि मला किटली धुवायला लावली.