शेवंताकाकूंचा खरवस आणि माझं इंग्रजी

आता हसणार नसाल तर सांगते. नाही, हसाच! पण खरं सांगू? त्या आठवड्यात माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेजारच्या मळ्यातल्या शेवंताकाकू गोऱ्या बाईसमोर उभ्या राहतील, तोंड उघडतील आणि आतून काहीच बाहेर पडणार नाही, ही काळजी! आणि त्यांना शिकवणारी कोण? तर मी!

झालं होतं असं, की काकूंची संकरित गाय पाहायला परदेशातले एक साहेब बायकोला घेऊन संगमनेरला येणार होते. साहेब गोठ्यात जातील. ओसरीवर बाईंशी बोलणार कोण?

"मीच बोलनार!" काकूंनी जाहीर केलं. "घर माझं, गाय माझी. मुकी हुऊन बसायची न्हाई मी. सुमे, तू मॅट्रिक हायेस ना? शिकीव मला."

मॅट्रिकला इंग्रजीत मी कशीबशी काठावर सुटले होते, हे त्यांना कुठं ठाऊक!

दुपारी भांडी आवरली की आमची शाळा भरायची. मी गोरी बाई होऊन बाजेवर बसायची, चार वर्षांची माझी मंजू साहेब व्हायची. काकू पदर सावरून म्हणायच्या, "वेलकम! हाऊ आर यू? प्लीज, ईट!" वा! माझ्यापेक्षा खणखणीत!

एकदा त्यांनी विचारलं, "अन् ती नको म्हनली तर?"

"'नो, थँक्यू' म्हणेल."

"मंग थांबायचं?"

"छे! पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो की. लग्नानंतर मी सासरी 'नको' म्हटलं, ते सगळ्यांनी खरं धरलं आणि मी उपाशी झोपले! तुम्ही म्हणायचं, 'प्लीज, वन मोअर.'"

माणूस इथूनतिथून सारखाच, नाही का? असं मला वाटलं हो!

तो दिवस उजाडला. गाय नुकतीच व्यायलेली, त्यामुळे बेत खरवसाचा. बाईंनी एक वडी खाल्ली, डोळे मोठे केले, "व्हेरी नाइस!" म्हणाल्या. काकू फुलल्या. दुसरी वडी पुढं केली.

"नो, थँक्यू."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी ऐटीत मान हलवली.

"प्लीज, वन मोअर!"

"नो, नो, थँक्यू!"

"लाजती बया," काकू मला म्हणाल्या आणि वडी वाढली. बाईंनी बिचारीनं संपवली. मग पुन्हा तेच. शेवटी त्यांनी बशीवर आडवा हात धरला. आता आमच्याकडं आडवा हात धरल्याशिवाय आग्रहाला रंग चढतो का? काकूंनी हाताखालून वडी सरकवली!

बाई माझ्याकडं वळल्या. "प्लीज, टेल हर!"

झालं! माझं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोठ्याच्या दिशेनं पळालं. मी गोड हसून म्हणाले, "यस, यस!"

'यस' ऐकताच काकूंनी उरलेली परातच उचलून आणली. "बघ सुमे, कशी बोलतीय मी! लई गोड बाई हाय!"

बाई पोट धरून भिंतीला टेकल्या. हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. मंजूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि भर ओसरीत खड्या आवाजात म्हणाली,

"आई, ह्यांना इंग्रजीत 'नको' म्हणता येत नाही का गं? मग काकूंसारखं ह्यांनापण शिकव ना!"